आता न्हाय

११ नोव्हेंबर

बोंबील! बघावं तिकडे बोंबील. मी अहवालात ज्या मैदानाच्या नावापुढे 'मोकळी जागा' असं लिहून दिलंय, तिथे आज पाय ठेवायला जागा नव्हती.

उत्तनला गेले होते ती फक्त नोटिसा वाटायला. प्रवासी बोटींच्या नव्या जेट्टीची जनसुनावणी फेब्रुवारीत आहे, गावाला आधी कळवावं लागतं. इथला सर्व्हे मीच केला, जुलैत. तेव्हा समुद्राकाठचं हे मैदान म्हणजे गुडघाभर गवत, दोन कुत्री आणि पाऊस. आज तिथे बांबूच्या वलांड्या उभ्या – एकीला लागून दुसरी, पार दगडी धक्क्यापर्यंत. प्रत्येक आडव्या बांबूवर बोंबील सुकत घातलेले, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने. खाली जुन्या जाळ्यांवर जवळा पसरलेला. चाळीस तरी बायका असतील. माझ्याकडे कोणी मान वर करून बघितलंही नाही.

अहवालात, पान त्र्याऐंशीवर, या जागेपुढे लिहिलंय: वापर – नाही. आणि म्हणून जेट्टीच्या नकाशात इथे गाड्यांचं पार्किंग आलंय.

नोटिसा पिशवीतच राहिल्या. तशीच परत आले.

१२ नोव्हेंबर

ऑफिसात जुलैचा फॉर्म शोधून काढला. 'जागेचा सध्याचा वापर: आहे / नाही.' खूण 'नाही'वर. माहिती देणाऱ्याचं नाव – रेजिना, वय ५८, मासळी विक्री. अक्षर माझंच.

ती बाई मला आठवते. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घेऊन चालली होती. मी विचारलं, "मावशी, इथे कोणी काम करतं का?" ती म्हणाली, "आता न्हाय." आणि मी लिहिलं – नाही!

'आता' कुठे लिहिणार? फॉर्ममध्ये रकानाच नव्हता, असं दिवसभर स्वतःला सांगत होते. खोटं आहे. खाली शेऱ्यासाठी चांगली दोन ओळींची जागा आहे. मी भिजले होते, बस चुकत होती, आणि मला 'नाही' पुरलं.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. मासे नाहीत तर सुकवणार काय? बायका वलांड्या सोडतात, बांबू घरात आडोशाला ठेवतात. हे मला माहीत नव्हतं का? होतं की! त्या दोन महिन्यांत बाजारात मासळी महाग होते, एवढ्यापुरतं माहीत होतं.

१४ नोव्हेंबर

जितेंद्र सरांना सांगितलं. पर्यावरण आणि सामाजिक परिणामांचे अहवाल करणारी आमची कंपनी त्यांनी शून्यातून उभी केलीय. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

"ममता, रिपोर्ट सबमिट झालाय गं. आता मागे कसं जाणार?"

"चूक माझी आहे, सर."

"चूक कुठेय? तू गेलीस त्या दिवशी जागा रिकामी होती. फॅक्ट आहे ते." मग आवाज खाली आणून, "आणि जेट्टी वाईट आहे का? घोडबंदरचा ट्रॅफिक कमी होईल, धूर कमी होईल, गावातल्या पोरांना नोकऱ्या. तो चॅप्टर तूच लिहिलायस ना?"

मीच लिहिलाय. मनापासून लिहिलाय. एकेक गाडी त्या रस्त्यावर तासतासभर धूर ओकत उभी असते, मी रोज बघते.

उठताना म्हणाले, "मार्चमध्ये तुझं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. धमकी म्हणून नाही सांगत हं." धमकी नाही असं सांगून दिलेली धमकी जास्त ऐकू येते.

१६ नोव्हेंबर, रविवार

रेजिना मावशीकडे गेले. दारातच ओळखलं तिने – "तू तं ती पावसातली पोरी!" चहा ठेवला. मी कप हातात घेऊन सगळं एका दमात सांगून टाकलं, नाहीतर धीर सुटला असता.

आधी ती हसली. "येडी हाय का तू? पावसात बोंबील सुकवतान?" मग तिचं हसू गेलं. "मी तं सांगितला व्हता. आता न्हाय."

"हो मावशी. तुम्ही बरोबर सांगितलं होतं."

जागेचा काही कागद आहे का, विचारलं. नाही. जमीन सरकारी. पण कोणाची वलांडी कुठे, हे बायकांना तोंडपाठ. सासूची जागा सुनेला. "माझी सासू हितंच बसायची. तिचे सासूची पन हीच जागा. कागद कशाला पायजे?" एका बाईचा बांबू दुसरीच्या हद्दीत वीतभर गेला तर भांडण होतं म्हणे, आणि ते तिथेच मिटतं. एवढं चोख दफ्तर मी कुठल्या कचेरीत पाहिलेलं नाही.

तिची मुलगी सिल्विया घरीच होती. बी.कॉम., कांदिवलीला एका ऑफिसात लागलीय. ती मात्र तडकली.

"ताई, जेट्टी यायलाच पाहिजे. तिकीट ऑफिस होणार, लोकल लोकांना घेणार. मी रोज चार तास बसमध्ये असते. आणि बाजूला बसलेली बाई नाकाला रुमाल लावते! आंघोळ करून निघते मी."

"शिकली ना, आता तिला वास येतं," मावशी म्हणाली.

"मला नाही येत, आई. त्यांना येतो."

दोघींचंही बरोबर होतं, आणि मी मध्ये बसून त्यांचाच चहा पीत होते. निघताना मावशीने विचारलं, "मंग आता तू काय करशील?" बघते म्हटलं. सरकारी माणसं म्हणतात तसं, अगदी तस्संच – बघते!

२० नोव्हेंबर

काही केलं नाही.

२१ नोव्हेंबर

आजही नाही.

६ डिसेंबर

अण्णा चैत्यभूमीला जाऊन आले. वडिलांची पंचाहत्तरी उलटली, तरी रांगेत उभं राहायचं सोडत नाहीत. संध्याकाळी पाय शेकत बसले होते. त्यांना उत्तनचं सांगितलं. वाटलं, म्हणतील नोकरी सांभाळ, आपल्या मागे कोण आहे?

त्यांनी शेकायची पिशवी बाजूला ठेवली. मग परभणीकडची गायरानाची गोष्ट काढली. आमच्या आजोबांनी गावाच्या गायरानातला एक तुकडा दगड वेचून वहितीला आणला होता, एवढं मला माहीत होतं. तो आपल्या नावावर का झाला नाही, हे कधी विचारलंच नव्हतं.

"सरकारानं पाहणी काढली. जो कसतो त्याच्या नावावर करायची म्हून. तलाठी आला वैशाखात. वैशाखात रानात काय असतंय? ढेकळं! त्यानं लिवलं – पडीक. माझा बाप तिथं उभा व्हता, त्याला इचारलं बी न्हाई. बारा वर्सं बाजरी काढली त्या ढेकळांतून."

मी म्हटलं, अण्णा, त्याने विचारलं नाही, मी निदान विचारलं तरी.

"इचारलंस," अण्णा म्हणाले, "अन् ऐकलं न्हाईस." रागावून नव्हे. पोरीच्या पायात काटा दिसला की बाप सांगतो, तसं.

मला रडू आलं. इथे लिहिते, अण्णांना दिसू दिलं नाही.

९ डिसेंबर

सरांना लेखी दिलं. चूक काय, कशी झाली, काय दुरुस्त करायला हवं. सोबत फोटो. नया नगरमध्ये झेरॉक्स काढली तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, मछली कलर में निकालूँ?" हो, कलर में!

सरांनी पत्र घेतलं, वाचलं, दुसऱ्या फायलीखाली सरकवलं. "बघतो," म्हणाले.

२५ डिसेंबर

सिल्वियाला नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. उत्तर आलं – "सेम टू यू ताई. आई गावात सांगत फिरते की तुम्ही सुनावणीत आमच्यातर्फे बोलणार."

मी असं कुणालाही म्हटलेलं नाही! मावशीने परस्पर ठरवून टाकलं.

१ फेब्रुवारी

सरांकडून काही नाही. सुनावणी नऊ दिवसांवर आलीय.

गॅलरीत उभी होते. आमचं बेव्हर्ली पार्क इथे उभं राहिलं तेव्हा खाली भाताची खाचरं होती, असं जुने लोक सांगतात. त्या खाचरांपुढे कोणी काय लिहिलं असेल? कोणी विचारलं असेल का? आणि ते लिहिलं गेलं नसतं तर अण्णांना या वयात नळाचं पाणी आणि लिफ्ट मिळाली असती का? मला लिफ्ट पाहिजे. सिल्वियाला नोकरी पाहिजे. हवा बरी पाहिजे. मावशीची जागा पण राहायला पाहिजे. सगळंच पाहिजे म्हणणाऱ्याला लोक हावरट म्हणतात. पण दर वेळी एकाच बाजूने सोडायचं, हे कोणी ठरवलं?

बोलले तर मार्चनंतर घरी बसावं लागेल. भीती वाटते, खूप. उगाच शूरपणाचा आव कशाला आणू?

१० फेब्रुवारी

झालं. बोलले.

मंडपात खुर्च्या कमी, माणसं जास्त. समोर टेबलामागे सुनावणीचे अधिकारी. पुरुषमंडळी आधी बोलली – होड्यांची वाट, डिझेल, भरतीचं पाणी. बायका मागे उभ्या, कामावरून तशाच आलेल्या. मग सर अहवाल वाचायला लागले. 'मोकळी, वापरात नसलेली जागा' हे शब्द आले आणि बायका हसल्या. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत, नुसत्या हसल्या. ते हसणं मला सहन झालं नाही. मी उभी राहिले.

"हा सर्व्हे माझा आहे. पान त्र्याऐंशी चुकीचं आहे." आवाज चिरकला. पाणी प्यायले. पुन्हा सांगितलं. "मी पावसात आले होते. या मावशींनी मला सांगितलं – आता न्हाय. मी फक्त 'नाही' लिहिलं."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "मग बरोबर काय लिहायचं ते सांगा."

"पावसाळा सोडून वर्षभर वापर. वलांड्या बासष्ट, बायका शंभरच्या आसपास. मी मोजल्यात. फोटो जोडलेत."

रेजिना मावशी मागून ओरडली, "बासष्ट न्हाय, चौसष्ट! दोन पलीकडं हायेत!" सगळा मंडप हसला, मीसुद्धा. चौसष्ट लिहून घेतलं.

मग सिल्विया उठली. मला वाटलं, आता ही विरोधात जाणार. ती म्हणाली, "जेट्टी पाहिजे. नोकरी पाहिजे. आईच्या जागेवर गाड्या नको." तीन वाक्यं. माझ्या तीनशे पानांत हे इतकं सरळ कुठेही नाही.

अधिकारी म्हणाले, "मुद्दा नोंदवला. पार्किंगसाठी याच अहवालातली दुसरी रिकामी जागा बघा." टाळ्या! मावशीने माझा हात घट्ट धरला. तिच्या हाताचा वास अजून माझ्या हाताला आहे. साबण लावलेला नाही.

सर माझ्याकडे न बघता गाडीत बसले.

१२ फेब्रुवारी

मावशीने सिल्वियाबरोबर सुके बोंबील पाठवले. अण्णांनी स्वतः भाजले. अख्ख्या मजल्यावर घमघमाट! शेजारच्या भाभींनी दार वाजवलं – "ये कैसी स्मेल है, ममताजी?" अण्णा आतून म्हणाले, "जीत की है!" त्यांचं हिंदी एवढंच, पण वेळेवर येतं.

२६ फेब्रुवारी

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मी खणातल्या वस्तू आधीच पिशवीत भरून ठेवल्या होत्या.

काँट्रॅक्ट रिन्यू! दोन वर्षांसाठी. "क्लायंट खूश आहे. गावाचा विरोध मावळला. आपण लोकांचं ऐकतो, असा मेसेज गेला." नवा नकाशा बनतोय म्हणाले. मी थँक्यू म्हटलं. बाहेर येऊन वस्तू परत खणात लावल्या. हलकं वाटलं, कितीतरी दिवसांनी.

१२ मार्च

नवा नकाशा आला. पार्किंग आता मिठागराच्या कडेला. आधार: आमचाच अहवाल, पान एक्क्याण्णव. वापर – नाही. सर्व्हे जुलैचा. पावसात मिठागर बंद असतं, मजूर आपापल्या गावी जातात. त्या दिवशी तिथे 'आता न्हाय' म्हणायलाही कोणी नव्हतं. खाली सही माझी.

संध्याकाळी जाऊन आले. अकरा खोपटी आहेत. चुली पेटल्या होत्या.