विहीणबाईंचं नेट

२ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा तेच! महिना झाला, दर रविवारी हेच. अकराचा व्हिडिओ कॉल, आणि दोन मिनिटं होत नाहीत तोच शेखर म्हणतो, "आई, तुझं नेट अडकतंय गं. ठेवतो." ठेवलासुद्धा! लेक बंगळुरूला, आठवड्यातून एकदा नातवाचं तोंड दिसणार, तेही अर्धं. रुद्रला अंगणातली शेवंती दाखवायची होती. कुंडी उचलून आणेपर्यंत कॉल गेला.

आणि संध्याकाळी देवळ्याहून विहीणबाईंचा फोन — "आमच्याकडं लय भारी चालतं बाई नेट! रुद्र अर्धा अर्धा तास बोलतो. हलत नाय जागचा!" तिकडे कांद्याच्या चाळीशेजारी यांचं नेट पळतं, आणि मी नाशकात राहून माझं रांगतं!

जळले मी. इथे कोण वाचतंय? जळले, जळले, जळले!

४ नोव्हेंबर

राउटर बंद करून चालू केला. चार वेळा. नेट ढिम्म! हे म्हणाले, "त्या डबीच्या मागे काय हात धुऊन लागलीस?" यांना फुलबाजार सोडून काही कळेल तर शपथ.

५ नोव्हेंबर

कंपनीत फोन लावला. बाई म्हणे, "मॅडम, तुमच्या घरापर्यंत स्पीड पूर्ण येतोय. राउटर कुठे ठेवलाय?" म्हटलं, जिथे ठेवायचा तिथेच ठेवलाय! मला शिकवते!

८ नोव्हेंबर

सूनबाईंनी ग्रुपवर फोटो टाकला. रुद्र कुरडया खातोय — विहीणबाईंनी पाठवलेल्या. खाली लिहिलंय, 'देवळ्याची आजी बेस्ट!' दिवाळीला मी डबाभर करंज्या धाडल्या. त्यांचा फोटो कुठाय?

९ नोव्हेंबर, रविवार

कॉल लागता लागता रुद्रचा आवाज ऐकू आला. आईला विचारत होता, "ही अडकणारी आजी का?"

अडकणारी आजी! तेवीस वर्षं अंगणवाडीत गोष्टी सांगितल्या मी. एक पोर मधूनच उठून गेलं नाही कधी. आणि माझाच नातू...

दुपारी जेवले नाही. हे विचारत होते, पित्त झालं का. हो म्हटलं.

११ नोव्हेंबर

केबलवाला भिकन आला. घरभर शोधून म्हणाला, "काकू, राउटर हाय कुठं?"

दाखवला. देव्हाऱ्याखालच्या फडताळात, पितळी डब्यांच्या मागे. दसऱ्याला यांची मोटारसायकल, मिक्सर, पाटा-वरवंटा सगळ्यांची पूजा केली. म्हटलं, राउटर काय घरचा नाही? हळदकुंकू लावलं, घरच्या झेंडूचा चांगला जाड हार घातला. मग तिथेच राहिला. धूळ नको म्हणून वर क्रोशाचं झाकण — तेही माझंच विणकाम.

भिकनने आधी राउटरला हात जोडले! म्हणाला, "काकू, याला देव करून बसवलंय तुम्ही. आता काम कसं करेल? बाहेर काढा त्याला." वाळलेला हार काढला, तर आतून मुंग्या निघाल्या! लाज वाटली.

आता राउटर हॉलमध्ये, भिंतीवर, उंच. मोबाइलवर अख्खं भजन ऐकलं. एकदाही थांबलं नाही. पळतंय!!

या रविवारी बघाच म्हणावं विहीणबाईंना.

१६ नोव्हेंबर, रविवार

चित्र एकदम स्वच्छ. रुद्रचा पुढचा दात पडलाय, तेही दिसलं. शेवंतीची कुंडी मी आधीच मांडीवर घेऊन बसले होते. "रुद्र, हे बघ काय —" तो मागे जमिनीवर गाडी फिरवत होता. शेखर लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होता. दीड मिनिट झालं असेल नसेल.

"आई, अडकतंय गं तुझं. ठेवतो."

काहीच अडकत नव्हतं. त्याने मान वर केली नाही, ते सुद्धा मला नीट दिसलं.

यांना सांगितलं, आज खूप बोलला.

१७ नोव्हेंबर

विहीणबाईंना मीच फोन केला. ठोकून दिलं — "आमचं नेट झालं हो दुरुस्त! काल रुद्र पाऊण तास बोलला. फोन ठेवू देईना!"

त्या अगदी हळू म्हणाल्या, "ताई, काय केलं हो तुम्ही नेटला? मला बी सांगा ना. आमचं दोन मिनिटांत अडकतं म्हणून ठेवून देतात."