प्राजूचं दूध

१२ जानेवारी २००३
पुण्यात स्वमग्न मुलांच्या पालकांची बैठक. आमच्या प्राजूनं दारातल्या सगळ्या चपला ओळीत लावल्या, कुणी एक घातली की किंचाळायची. निम्म्या बायका अनवाणीच बसून राहिल्या.
एकेकानं आपापल्या मुलाचं सांगायचं. कुणाचा मुलगा माणसं हुंगतो, कुणाची मुलगी ताटली फिरवत दुपार काढते. दौंडच्या मंगलताई, नवरा रेल्वेत गार्ड. म्हणाल्या, "आमच्या ओंकारला स्टेशनावरची घोषणा पाठ. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही. गाडी किती लेट तेसुद्धा सांगतो. मला आई म्हणत नाही." लोक हसले, त्याही हसल्या. ओंकार पाच वर्षांचा. खाणं पांढरंच: दूध, भात, दुधात बुडवलेलं बिस्किट.
आमची साडेचार वर्षांची, एकही शब्द नाही. भाकरीचा पापुद्रा सोलून दिला तर खाते. मी एवढंच सांगितलं.
एका गृहस्थांच्या मेव्हण्यानं परदेशातून कागद पाठवलेत. गहू बंद, दूध बंद, की मुलं निवळतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खात्री देता येत नाही. करायचंच तर वजन बघत करा. सगळ्यांनी झेरॉक्स घेतल्या.

१४ जाने.
बायकोनं, सुनंदानं, पथ्य सुरू केलं. गव्हाचं अवघड नाही, आमच्या शिरूरकडच्या तळेगावात या दिवसांत बाजरीच. फक्त गिरणीत गव्हावर आमचं दळण पडू द्यायचं नाही. कुणाची तरी बाजरी झाली की मगच आपला डबा, तोवर ती तिथंच उभी. गिरणीवाला म्हणाला, "वहिनी, बाजरीला सोवळं कवापासून?"
दुधाचं अवघड. घरात दोन म्हशी. आप्पांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. ते म्हणाले, "दुधाच्या घरात पोरगी कोरड्या भाकरीवर. बरं हाय."

२५ जाने.
पहिले दिवस वाईट गेले. डोकं भिंतीवर आपटायची. आता शांत. पाणीपुरवठ्याची बातमी पेपरला फॅक्स करायला शिरूरला गेलो, परत आलो तरी शांतच.

२ फेब्रुवारी
सुनंदा दारात वाट बघत उभी. "अहो, प्राजू बोलली. 'दे' म्हणाली." कुणाला, कशासाठी, ते तिला नीट सांगता येईना. न्हाणीजवळ उभी होती, हात पुढं करून म्हणाली, दोनदा.
संध्याकाळी मीही ऐकलं. दे.
काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं. जेवलो, पंचायत समितीची बातमी लिहिली.

३ फेब्रु.
बूथवरून मंगलताईंना फोन. पलीकडं पुन्हा पुन्हा, "खरंच म्हणाली? भाऊ, खरंच?" मी म्हणालो, स्वतः ऐकलं. त्या ओंकारचं दूध अजून तोडू शकल्या नव्हत्या, दुधाशिवाय तो खातोच काय? म्हणाल्या, "आजपासून बंद. तुमच्या प्राजूचं होतंय तर."

१९ फेब्रु.
मंगलताईंचा फोन, बूथवाल्यानं बोलावून घेतलं. ओंकार भातही सोडून बसलाय, नुसता पाण्यात कालवलेला मुरमुऱ्यांचा भुगा खातो. शेंगदाण्याचं दूध करून दिलं, ओतून टाकलं. चड्डी कमरेला राहत नाही, नाडी बांधतात. "भाऊ, तुमच्याकडंही सुरवातीला असंच झालं ना?" हो म्हणालो. झालंच होतं.

२ मार्च
सकाळी बातम्यांचं पाकीट एसटीवाल्याकडं द्यायला फाट्यावर गेलो, एसटी आलीच नाही. परतलो. घरात प्राजू नव्हती. गोठ्यात होती. आप्पा धार काढत होते, ही त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी, हातात तिचा पितळी तांब्या, ओठांवर फेस.
आप्पांनी मला बघितलं. हात थांबला नाही.
"कवापासून?"
"संक्रांतीनंतर चार-दोन दिवस न्हाई दिलं. मग देतोय."
"रोज?"
"दोन्ही वक्ताला. निरसं. तापवून न्हाई घेत ती."
मी म्हणालो, सुनंदा तिकडं गिरणीत तासतास उभी राहते. आप्पा म्हणाले, "मला ठावं हाय. म्हनूनच तिला बोललो न्हाई." मग कासेला हात लावूनच, माझ्याकडं न बघता: "हितंच शिकली ती. तांब्या पुढं केला आन् दे म्हनली. जन्मल्यापासनं पोरीनं एक गोष्ट मागितली. मी काय न्हाई म्हनू व्हय?"
म्हणजे तो शब्द आधी गोठ्यात आला. आम्हाला नंतर कळला.

२ मार्च, दुपार
सुनंदाला सांगितलं. ती भांडली नाही. बाजरी निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आपण अजून केलंच नाही." पथ्य, असं तिला म्हणायचं होतं. करून बघायचं तर आता खरं करावं लागेल. आप्पांनी तांब्या लपवायचा. तिनं हात पुढं करून दे म्हटलं की नाही म्हणायचं.
एवढी वर्षं बातमी दिली, दुजोऱ्याशिवाय साधी चोरीही छापली नाही. पथ्यानं प्राजू बोलली, ही बातमी मात्र मी तशीच फोनवरून दौंडला दिली.

४ मार्च
दौंड. न्हावऱ्यावरून एसटी. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. रेल्वे क्वार्टर, मंगलताई एकट्या, नवरा ड्यूटीवर. ओंकार खाटेखाली. हात बघितले, काड्या.
सगळं सांगितलं. प्राजूचं दूध कधीच बंद नव्हतं, चार-दोन दिवस सोडून. शब्द दुधासाठीच होता. तुम्ही माझ्या सांगण्यावरून बंद केलं, आज सुरू करा.
त्यांनी वाकून खाटेखाली बघितलं. म्हणाल्या, "परवा त्यानं माझ्याकडं बघितलं. तोंडाकडं. असा बघत नाही तो कधी. घोषणापण थांबल्यात."
मी म्हणालो, ताई, अशक्तपणानं थांबल्या असतील.
"असतील." मग, "तुम्ही प्राजूचं काय करणार? तोडणार का खरंच?"
माहीत नाही म्हणालो.
"मग मला कसं सांगता, भाऊ?"
खाटेखालून आवाज आला, बारीक. कुठली तरी पॅसेंजर, कुठल्या तरी फलाटावर. मंगलताईंनी डोळे मिटले. त्यांना तो आवाज हवा होता की नको, मला कळलं नाही. रेल्वेच्या दवाखान्यात त्याला दाखवा, वजन करा, आजच, असं म्हणालो. उद्या जाते म्हणाल्या. निघताना चहा दिला, कोरा. घरात दूधच आणत नाहीत आता.

६ मार्च
मंगलताईंचा फोन नाही. दोनदा लावला, वाजत राहिला. कारखान्याच्या सभेची बातमी दिली.

७ मार्च
बैठकीतल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. ओंकारचं सगळं सांगितलं. म्हणाल्या, त्याला आधी जे खातो ते द्या आणि लगेच माझ्याकडं आणा. बाकी नंतर बघू. प्राजूचं विचारलं. "ती मागते ना? मागू द्या सध्या." सुनंदाला निरोप सांगितला. "सध्या म्हणजे किती?" तिनं विचारलं. ते मी विचारलं नव्हतं.
दौंडला परत लावला. शेजारणीनं उचलला, घराची किल्ली तिच्याकडं. मंगलताई पोराला घेऊन बाहेर गेल्यात. दवाखान्यात? "ते न्हाई सांगितलं."

८ मार्च
संध्याकाळी सुनंदानं स्वतः पेला भरून प्राजूपुढं ठेवला, तापवलेलं. प्राजूनं वास घेतला, पेला चपलांच्या ओळीत नेऊन ठेवला. मग तांब्या घेऊन गोठ्याकडं.
आप्पा आज खळ्याकडं गेलेले, यायला उशीर. म्हैस हंबरत होती. मी धार काढायला बसलो. बऱ्याच वर्षांनी, हाताला वळण राहिलं नाही. सुनंदा दारात उभी राहिली, आत आली नाही.
प्राजू माझ्या गुडघ्याला टेकली. माझ्याकडं नाही, म्हशीकडं बघत होती. तांब्या पुढं केला.