बावीस बोळे

२ मार्च, सोमवार
आणखी तीन पिल्लं गेली. या खेपेतली अकरा झाली! बारावं उताणं पडून, मान मागं टाकून छताकडं बघतंय. सरळ केलं — पुन्हा उताणं. दाढीवाल्या सरड्यांची पिल्लं नाजूक असतात, मान्य. पण अकरा?
ड्वेन म्हणतो, "दिवे जास्त तापत असतील." नवऱ्याला काय सांगू? तीनदा तापमान बघितलं मी.

३ मार्च
प्राण्यांचे डॉक्टर ओगल्सबी यांनी पिल्लू तळहातावर घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाले, "लोरेटा, ॲडिनोव्हायरस असावा. मोठ्या सगळ्यांची तपासणी करून घे. ते दिसतात धडधाकट, पण रोग पसरवत राहतात."
औषध?
"नाही."

५ मार्च
बावीस सरडे, कापसाचे बावीस बोळे. शेपटीखाली बोळा फिरवायचा, नळीत घालायचा, वर नाव लिहायचं. ड्वेन धरत होता. क्लेमंटाइननं दाढी काळीकुट्ट करून फुगवली — माझ्यावर! हातावर झोपणारी ती.
मध्येच ड्वेन म्हणाला, "कळलं की सांगावं लागेल. कळलंच नाही तर —"
मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. नळ्यांचं पाकीट आजच प्रयोगशाळेला पाठवलं.

९ मार्च
निकाल नाही. जेवण जात नाही.

१२ मार्च
एकोणीस.
बावीसपैकी एकोणिसांना लागण! क्लेमंटाइनसुद्धा.

१३ मार्च
उद्या तुलसा शहरात सरडे विकणाऱ्यांचा मेळावा. आमचं टेबल ठरलेलं, ड्वेननं फलकही रंगवलाय. म्हणतो, "विकू नकोस. पण तोंडही उघडू नकोस. नाव मातीत मिळेल आपलं!"
"आणि त्यांची पिल्लं मेली तर?" मी ओरडलेच. तो अंगणात निघून गेला.
सगळ्यात भीती व्हर्नाची. हा धंदा मला तिनंच शिकवला. गेल्या महिन्यात माझ्याकडून नर घेऊन गेली — त्याचा बाप या एकोणिसांत आहे. तिच्याकडं साठ सरडे आहेत. साठ!

१४ मार्च
मेळाव्याला गेले नाही. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून सरडे नेले, त्या सदतीस जणांना सकाळीच सगळं लिहून पाठवलं. एकीचं उत्तर लगेच आलं — "आमचा जानेवारीत मेला. माझी मुलगी अजून म्हणते, मीच त्याला नीट जेवू घातलं नाही."
दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.
ड्वेननं फलक गॅरेजात नेऊन ठेवला.
व्हर्नाला तेवढं लिहिलं नाही. तिला तोंडानंच सांगायला हवं.

१५ मार्च
व्हर्नाला फोन केला. सगळं सांगितलं. माफी मागितली, रडले.
तिनं सगळं ऐकून घेतलं. मग — "अगं, रडू नकोस. तुझ्या नरानं माझं काही बिघडवलं नाही. तुला पहिली जोडी मी दिली होती ना? त्यातली मादी... तपासलेली होती ती, लोरेटा. तिच्यात हाच रोग निघाला होता. मला माहीत होतं."