खिडकीतली हिरवी बाटली

अगं,

चार वाजता संग्रहालयातल्या बाई तुझी जुनी काच बघायला येतील, त्याआधी हे वाच. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही.

खिडकीतली ती हिरवी बाटली शंभर वर्षांची नाही. डोक्याला लावायच्या तेलाची आहे. मीच ती कुंडीत पुरली, वर्षभर मातीत मुरवली आणि भंगारवाल्याला तुझ्या गळ्यात मारायला सांगितली. तू ती घरी आणलीस, त्याच संध्याकाळी खरं सांगून हसणार होतो. पण तुझी आई गेल्यानंतर त्या दिवशी, बाटली हातात घेऊन, तू पहिल्यांदा हसलीस, मग माझी जीभच रेटेना. तीन वर्षं पाहुण्यांसमोर त्या बाटलीचं कौतुक ऐकतोय. आता दमलो गं, एवढी लांबलेली थट्टा झेपत नाही.

बाटली माझ्या कपाटात स्वेटरांमागे ठेवलीय. बाईंनी विचारलं, तर नवऱ्यानं फोडली म्हण. मला एकदा बघितलेला कुणीही विश्वास ठेवील. बाकीच्या बावीस बाटल्या-फुलदाण्या तू स्वतः हुडकून आणल्यास. त्या अस्सल आहेत, त्या ताठ मानेनं दाखव.

बाई गेल्या की फोन कर. नुसत्या शिव्या द्यायला केलास तरी उचलेन.

तुझा उपद्व्यापी नवरा