गाडीची आंघोळ

पोळ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ

आज आबांशी वाद घालायचा नाही असं ठरवलं होतं. घातलाच.

काल बैलांबरोबर त्यांनी आमच्या दोन सीटच्या शेतगाडीलाही न्हाऊ घातलं, पाण्याच्या मोटारीच्या पाइपाने, अगदी इंजिनाखालपर्यंत. वर गोंडाही बांधला. सकाळी मागे खताच्या गोण्या टाकल्या, तर गाडी नुसती ओरडत राहिली. बांध चढेना.

मी म्हटलं, "आबा, चाकं फिरवणाऱ्या पट्ट्यात पाणी गेलं, तो घसरतोय."

"आंघोळ करीसन बैल कधी बंद पडना का?"

शेजारचे हसले. मला हसू कसं येणार? दुसरी बैलजोडी नको, गाडीच घ्या, हा हट्ट माझा होता. आणि आबा पुढे शांतपणे म्हणाले, "आज नही चालनी त इकी टाकसू." विकायची, म्हणजे पुन्हा बैलजोडीच.

पाचोऱ्याच्या मेकॅनिकला फोन केला. बाईचा आवाज ऐकून "घरात कोणी माणूस आहे का?" म्हणाला. मीच आहे, सांगा, म्हटलं. तो सांगत गेला तसं पट्ट्यावरचं झाकण खोललं. आत पाणी होतंच. पट्टा काढून पुसला, सावलीत वाळत घातला. चिरला असता तर? पण नाही, पट्टा शाबूत होता.

दुपारनंतर रिकामी गाडी चढली. मग थोड्या गोण्या घेऊन, मग सगळ्या.

आबा बांधावरच उभे होते. म्हणाले, "आते माले दखाड, पानी कोठे नही मारानं."

मी बोट ठेवत गेले. शिंगं रंगवून उरलेला लाल रंग आणून आबा तिथे तिथे ठिपका देत गेले.