आठ जणांची यादी

झरी, ता. ३ मार्च १९५३

ति. माणिकदादास,
धाकट्या कमलचा प्रभूच्या नावानं सलाम वि. वि.

परवाच्या रविवारी आमच्या प्रार्थनाघरात आठ पारध्यांचा बाप्तिस्मा झाला. मला रडू आवरेना. तू म्हणशील, कमळीला रडायला निमित्तच लागतं. येडबाचं नाव आता येशुदास, त्याची बायको भिवराबाई मार्था झाली. गेल्या साली पारध्यांनी ठाण्यात रोज हजेरी द्यायचा कायदा उठला तेव्हा ही माणसं जिंतूरच्या माळावरून इकडं आली. पण तिकडं कुठं चोरी झाली की तुमचं ठाणं अजून यांनाच हुडकतं. आता ती देवाची लेकरं आहेत, दादा, आणि तू जमादार आहेस.

सोबत यादी धाडते. जुनं नाव, नवं नाव, अंगावरची खूण, राहायचं ठिकाण, सगळं नीट लिहिलंय, म्हणजे ओळखण्यात घोटाळा नको. तुमच्या ठाण्याच्या अमीनसाहेबांना दाखव आणि यांचा पिच्छा सोडा म्हणावं. वहिनीच्या हातचं खाऊन तुला पट्टा पुरेना झालाय असं ऐकते, जप.

तुझ्या मायेची भुकेली,
कमल

जिंतूर, ता. १८ मार्च

चि. कमल हीस अनेक आशीर्वाद.

तुझी यादी साहेबांना फार पसंत पडली. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणाले. रविवारी भरदुपारी इथल्या व्यंकटरावांच्या घरातून सोन्याच्या पाटल्या गेल्या. सोमवारी आम्ही झरीला आलो, तर आठही जण लिहिलेल्या जागी सापडले. तू परभणीला गेलेली होतीस, बरंच झालं. येडबानं नाव येशुदास सांगितलं, तेव्हा साहेबांनी कागद काढून गालावरचं गोंदण पडताळलं आणि आम्ही पोट धरधरून हसलो.

बायकांना सोडलं. येडबा कबूल होईना म्हणून त्याला माझ्याकडे दिला. ख्रिस्ती हात आहे, हलका पडेल, अशी साहेबांनी थट्टा केली. मग हात हलका ठेवून मला कसं चालेल? वाईट वाटून घेऊ नको. प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर चोर होता, तो चोरच होता. वहिनीनं तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं काढून ठेवलंय.

माया आहेच, ती वाढव.
माणिकराव

झरी, ता. २० मार्च

ति. दादास सलाम.

परभणीहून आले तर प्रार्थनाघरामागच्या झोपड्यांत नुसत्या बायका रडत बसलेल्या. रविवारी दुपारी येडबा आमच्यात होता. उपासनेनंतर बाकं त्यानंच उचलली, तीस माणसांनी पाहिलं. पाळकसाहेबांच्या सहीचा जबाब सोबत आहे. ते गोंदण मी त्याला वाचवायला लिहिलं रे! पारधी म्हणून जन्मला, एवढाच त्याचा गुन्हा. आपल्या आज्यालाही असंच जात विचारून मारायचे, ते विसरलास? मी बुधवारच्या मोटारीनं येते. तोवर त्याच्या अंगाला हात लावू नको, पाया पडते.

कमल

जिंतूर, ता. २३ मार्च

चि. कमल, आशीर्वाद.

येऊ नको. येडबा शनिवारी मेला. पळताना विहिरीत पडला, असं कागदावर आहे. तू धाडलेला जबाब त्याआधीच पोचला होता. साहेब म्हणाले, बाटलेल्याला साक्षीदारही बाटलेलाच. मी तिथंच उभा होतो.

पाटल्या काल सापडल्या. व्यंकटरावांच्या सुनेनं माहेरी नेल्या होत्या. बाकीच्यांना सोडून दिलं आहे. ईस्टरला आणखी कुणाचा बाप्तिस्मा असेल तर तशीच यादी मागवून घे, असं साहेबांनी सांगितलंय. नोकरी आहे, कमल. रागावू नको.

माणिकराव

झरी, ता. ३० मार्च

माणिकदादा,

काल उपासनेत सगळ्यांपुढं उभी राहून मी सांगितलं की यादी मी लिहिली आणि मारणारा माझा सख्खा भाऊ. भिवराबाई पुढंच बसली होती. ती अंगावर धावून येईल असं वाटलं. आली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं की तुमचा येशू त्या जमादाराचा बी हाय का.

मी हो म्हणाले. खोटं कसं बोलू?

ती उठली. तिच्यामागं बाकीचे सहाही उठले. दाराशी थांबून ती म्हणाली की मंग आमी न्हाई यायचे त्या येशूकडं.

तुझ्याकडे माया मागत नाही, आणि द्यायला माझ्यापाशी उरली नाही.

कमल