ताईच्या कबरीवरची फरशी

लिहून देणार चामाक, वय एकसष्ट, जपानी सरकारने नेमलेला मुखिया, वस्ती तुआलिव, दक्षिण तैवानचा डोंगर. बोलतो मी, लिहितो शाळामास्तर पाली. छातीत पाणी झाले आहे, पण डोके ठिकाणावर आहे आणि राळ्याच्या दारूला कालपासून शिवलेलो नाही. आमच्यात मृत्युपत्राची गरज पडत नाही. सगळे थोरल्या अपत्याचे, मुलगा असो की मुलगी. तरी हे करतो आहे, कारण माझ्याकडे जे आहे ते माझे नाही.

१. सरदारघर, तिन्ही जुने घडे आणि प्रत्येक शिकारीतली मागची तंगडी सरदार म्हणून घेण्याचा मान माझ्या मयत धाकट्या भाचीची लेक जुपेलांग हिला द्यावा. ती सोळाची झाली. तिची मावशी सेलेप, माझी थोरली भाची, याच वयात आमची सरदारीण झाली होती आणि मी मामा म्हणून कारभार पाहायचो.

२. पोलिसांनी दिलेले पदक माझ्याबरोबर पुरू नये. मुखियाची टोपी कोंबडीला अंडी घालायला द्यावी. तेवढाच तिचा उपयोग.

३. हे कलम वस्तीसमोर मोठ्याने वाचावे. बावीस वर्षांपूर्वी जपान्यांनी आमच्या बंदुका मागितल्या. बंदूक गेली की शिकार गेली, आणि उंबऱ्यावर तंगडी आली नाही तर सरदार कसला? त्याच महिन्यात माझी ताई, सेलेपची आई, वारली. रीतीप्रमाणे तिला घरातच फरशीखाली बसवून पुरले आणि सेलेपच्या सांगण्यावरून चाळीस बंदुका तिच्याजवळ ठेवल्या. ठाऊक तिघांना: सेलेप, मी आणि शिकारी कुलेले.

ठाण्याचा साहेब मला म्हणाला, "बंदुका कुठे आहेत ते सांग, पोरगी गादीवर राहील." मी सांगून टाकले, "ताईजवळ." मला वाटले, सांगायला काय जाते? मेलेल्या बाईच्या डोक्यावरची फरशी कोण माणूस उचलेल? साहेबही खूश, बंदुकाही जागेवर. दुपारपर्यंत सहा पोलिसांनी फरशी उचलून भिंतीला टेकवली होती.

सेलेप उंबऱ्यात उभी होती. तिने आरडाओरड केली नाही. "मामा, आईच्या अंगावर काहीतरी घाला," एवढेच म्हणाली. मी माझी घोंगडी घातली. सेलेपला पोलिसांनी डोंगराखाली सपाट मुलखात नेले. तिथल्या तापाने ती दुसऱ्या वर्षी गेली. मुखियाची टोपी मला मिळाली.

तिघांत घरचा नव्हता तो एकटाच, म्हणून वस्तीने कुलेलेला फितूर ठरवले. मी मूग गिळून बसलो. बावीस वर्षे त्याने भाल्याने मारलेल्या डुकराचे मांस कोणी चुलीवर चढवले नाही, त्याच्या मुलीला कोणी मागणी घातली नाही. फितूर मी आहे. मला त्याची लाज वाटते, आणि लाज वाटूनही मी रोज जेवलो.

४. माझे शेत, सुरा आणि दोन्ही भाले कुलेलेला द्यावेत. जुपेलांगने पहिली तंगडी त्याच्या हातून घ्यावी, सगळ्यांदेखत.

५. घरात पुरायला सरकारची बंदी आहे. त्यावरून सगळे कुरकुरतात, मला मात्र ती सोयीची आहे. ताईशेजारी बसायला मला तोंड नाही. ओढ्यापलीकडे पुरावे.

तुआलिव, राळ्याच्या कापणीनंतरचा चौथा दिवस, सन १९३६.

चामाक (सही)
साक्षीदार: पाली, शाळामास्तर (सही)
साक्षीदार: कुलेले, शिकारी (अंगठा)

लिहिणाऱ्याची नोंद: अंगठ्यापूर्वी कुलेलेला सर्व कलमे वाचून दाखवली. वाचून संपल्यावर चामाक म्हणाला, "शिव्या तरी दे, बाबा." कुलेले म्हणाला, "खाली नेताना सेलेप मला म्हणाली होती, धाकटी बहीण अजून लहान आहे, घर सांभाळायला मामाच उरलाय. तो आपणहून बोलेपर्यंत तू बोलू नकोस." मग त्याने शाई पुढे ओढली. "लई वेळ लावलास रे, चामाक."